इच्छा सोडायची म्हणजे नेमके काय सोडायचे?

मागील अंकात या सदरात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘विहाय कामान्यः सर्वान्’ या ७१व्या श्लोकाविषयी लिहिले होते. सर्व कामना टाकून जो निःस्पृह, निर्मम आणि निरहंकार होऊन वावरतो त्याला शांती लाभते, असे तो श्लोक सांगतो. त्यावर आलेली पत्रे बहुतांशी तक्रारीची आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच तक्रारी रास्त आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलगा कॅनडात असतो. रोज सकाळी गीतेचा एक अध्याय वाचतो. परंतु पोथी मिटली की मुलगा परत येईल का, सोसायटीच्या पुनर्विकासात किती चौरस फूट वाढीव मिळतील, या वेळी रक्तातली साखर किती येईल, हेच विचार सुरू होतात. इच्छा सोडाव्यात म्हणून मी पुष्कळ धडपडलो. आता अशी शंका येते की, इच्छा सोडण्याची इच्छा हीदेखील इच्छाच आहे. मग माणूस यातून सुटणार कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रात एक अडचण आहे आणि एक कोडे आहे. कोडे सोपे आहे, म्हणून ते नंतर पाहू. अडचण खरी आहे, आणि ती आपल्या एकट्याची नाही.

गीतेने ज्या श्लोकांत कामना टाकायला सांगितले आहे, त्यांच्या अलीकडेच, ६२व्या श्लोकात, कामनेची वंशावळ दिली आहे. माणूस विषयांचे चिंतन करीत राहतो, त्या चिंतनातून त्यांच्याविषयी संग, म्हणजे आसक्ती, उपजतो, संगातून काम जन्मतो आणि कामातून क्रोध. पुढच्या श्लोकात ही मालिका संमोह आणि स्मृतिभ्रंश यांवरून बुद्धिनाशापर्यंत जाते. या वंशावळीत काम तिसऱ्या पिढीतला आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. आपली सगळी धडपड या तिसऱ्याशी चालते. पहिल्याकडे, म्हणजे चिंतनाकडे, कोणी डोळे वटारून पाहत नाही, कारण ते घरात शिरते तेच मुळी काळजी, नियोजन आणि वात्सल्य अशा सभ्य कपड्यांत.

महाभारताच्या शांतिपर्वात मंकी नावाच्या माणसाची कथा आहे. ती कीर्तनांतून फारशी ऐकू येत नाही याचे मला नवल वाटते, कारण शेतकऱ्याच्या घरात ती ऐकताक्षणी पटावी. या मंकीने धनासाठी अनेक उद्योग केले आणि ते एकामागून एक बुडाले. शेवटी गाठीला जे थोडे उरले होते त्यातून त्याने दोन तरणे गोऱ्हे विकत घेतले आणि त्यांना वळण लावावे म्हणून एका जुवाला जुंपून बाहेर काढले. वाटेत एक उंट बसला होता. गोऱ्हे बिथरून धावले ते असे की, उंट दोघांच्या मधोमध आला आणि जू नेमके त्याच्या मानेवर पडले. उंट चवताळून उठला आणि दोन्ही गोऱ्ह्यांना उचलून पळत सुटला. मंकी पाहत राहिला : आपले लाडके गोऱ्हे उंटाच्या गळ्यात दोन्ही बाजूंना दोन मण्यांसारखे लोंबत आहेत आणि लोंबता लोंबता त्यांचा जीव चालला आहे. हे पाहणाऱ्याला हसू आणि रडू एकदमच यावे, असे ते चित्र आहे, आणि व्यासांनी ते जाणूनबुजून तसे रंगवले असावे.

त्या क्षणी मंकी उंटाला शिव्या देत नाही. तो कामनेलाच समोर उभी करून बोलतो : ‘काम जानामि ते मूलं सङ्कल्पात्किल जायसे । न त्वां सङ्कल्पयिष्यामि समूलो न भविष्यसि ॥’ कामा, तुझे मूळ मला कळले. तू संकल्पातून जन्मतोस. मी तुझा संकल्पच करणार नाही, म्हणजे तू मुळासकट उरणार नाहीस. येथे बारकाईने पाहण्यासारखे काही असेल तर ते असे की, मंकीचे गोऱ्हे गेले ते दैवाने, पण त्याच्याजवळ गोऱ्ह्यांपेक्षा मोठे असे आणखी काही होते. या दोघांवर शेत कसेल, मग धान्य येईल, मग आणखी जनावरे येतील, मग गावात चार लोक विचारतील, असा मनातल्या मनात उभा केलेला इमला होता. गोऱ्हे दोनच होते, इमल्याला मात्र मजले किती होते याचा हिशेब नव्हता. मंकीने सोडला तो हा इमला.

आता आपल्या पत्राकडे येऊ. मुलगा जवळ असावा असे वाटणे हे बापाच्या काळजाचे आहे आणि ते वाटू नये असे गीता कोठेही म्हणत नाही. सातव्या अध्यायात तर भगवंत, धर्माला विरोध न करणारा जो काम आहे तो मीच आहे, असे सांगतात. आणि आपल्या परंपरेने काम हा चार पुरुषार्थांत मोजलेला आहे. परंतु मुलगा आला तर कोणत्या खोलीत राहील, सुनेला येथे नोकरी मिळेल का, पुनर्विकासात तीन खोल्या मिळाल्या तर तो येईलच, न मिळाल्या तर त्याला कारणच मिळेल, आणि त्या बांधकाम व्यावसायिकाने अजून करारावर सही का केलेली नाही, अशी जी साखळी आपण रोज सकाळी पोथी मिटल्यावर ओवता, ती वात्सल्यातून येत नाही. ती संकल्पातून येते, आणि तिच्या शेवटी क्रोध उभा असतो; तो बांधकाम व्यावसायिकावर निघतो, सुनेवर निघतो किंवा चहाला उशीर झाला म्हणून घरच्यांवर निघतो. सोडायची ती साखळी. इच्छा मनात आली, तिला ओळखले, आणि तिच्यावर दुसरी कडी चढवली नाही, एवढेच आपल्या हातात असते. ते वाटते तितके थोडे नाही.

दुसऱ्या अध्यायातल्याच ७०व्या श्लोकात शांत पुरुषाला समुद्राची उपमा दिली आहे. चहूकडून पाणी येत असते, तरी समुद्र आपली मर्यादा सोडत नाही. त्याप्रमाणे ज्याच्यात सर्व कामना प्रवेश करतात तो शांती पावतो. गीतेने नद्या आटवायला सांगितलेले नाही, ही गोष्ट प्रवचनांतून अनेकदा निसटून जाते.

राहिले कोडे. इच्छा सोडण्याची इच्छा ही इच्छाच आहे, हे वेदान्त्यांना ठाऊक होते आणि त्यांना त्याचा संकोच वाटला नाही. ब्रह्मविद्येच्या अधिकाऱ्याला जी चार साधने लागतात त्यांत विवेक, वैराग्य आणि शमादी षट्क (मन व इंद्रिये आवरणे आदी सहा गुण) यांच्यानंतर मुमुक्षुत्व, म्हणजे मोक्षाची इच्छा, हे चौथे साधन स्पष्ट सांगितले आहे. काट्याने काटा काढायचा आणि मग दोन्ही टाकायचे, असा हा व्यवहार आहे. धोका एकच : रोज सायंकाळी आपल्याला किती शांती मिळाली याची पासबुकात नोंद करू लागलो, तर दुसरा काटा पायातच राहतो. आपण बँकेत होता, म्हणून हे आपल्याला विशेष सांगावेसे वाटले.

प्रश्न : मी पुण्यात राहून राज्यसेवा परीक्षेची तयारी करते. दोन वेळा मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिले. घरून आई म्हणते, फळाची आशा सोड आणि अभ्यास कर. पण फळाची आशा नसेल तर पहाटे उठायचे कशासाठी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या आईने सांगितले ते बरोबर आहे, पण ते अशा वेळी सांगितले गेले की, त्याचा अर्थ ‘आता फार अपेक्षा ठेवू नकोस’ असा ऐकू यावा. गीतेचा रोख तसा नाही. दुसऱ्या अध्यायातल्या ४७व्या श्लोकात, तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर कधीही नाही, असे सांगून झाल्यावर त्याच श्लोकात, कर्म न करण्याकडेही तुझा ओढा नसावा, अशी ताकीद आहे. श्लोकाचा हा शेवटचा चरण लोक म्हणतात, पण सांगताना विसरतात.

फळावर अधिकार नाही हे सांत्वन म्हणून सांगितलेले नसून ती वस्तुस्थिती आहे, आणि तिचे कारण अठराव्या अध्यायात दिले आहे. कोणतेही कार्य घडण्यास पाच कारणे लागतात : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा (म्हणजे प्रयत्न) आणि पाचवे दैव. आपल्या परीक्षेपुरते पाहा. कर्ता म्हणजे आपण. अधिष्ठान म्हणजे हे शरीर, ज्याला ऐन मुख्य परीक्षेच्या आठवड्यात ताप येऊ शकतो. साधने म्हणजे पुस्तके, अभ्यासिकेतली जागा आणि घरून येणारे पैसे. चेष्टा म्हणजे वाचन, टिपणे आणि उत्तरलेखनाचा सराव. दैवात त्या वर्षी निघालेल्या जागा, प्रश्नपत्रिकेचा कल, न्यायालयात अडकलेली प्रक्रिया आणि शेजारच्या बाकावरची अधिक तयार मुलगी, हे सगळे येते. पाचांपैकी एक असलेल्या कर्त्याने संपूर्ण निकाल आपल्या नावावर लावून घ्यावा, हा गीतेच्या दृष्टीने बुद्धीचा दोष आहे. निकाल चांगला लागला तरी आणि वाईट लागला तरीही.

पहाटे कशासाठी उठायचे, हा प्रश्न तरीही उरतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, त्यांत याचे अतिशय व्यवहारी उत्तर आहे. ज्याचे लक्ष फळावर असते त्याचा वेळ आणि शक्ती यांचा काही भाग फळाच्या चिंतनात खर्च होतो. ज्याने फळ बाजूला ठेवले त्याचा सगळा वेळ आणि सगळी शक्ती कर्मात उतरते, म्हणून त्याचे कर्म अधिक चांगले होते. मागच्या वर्षीचे पात्रतागुण आणि यंदाचे अंदाज यांची बेरीज-वजाबाकी करण्यात अभ्यासिकेतली किती दुपार जाते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. ती दुपार परत मिळवणे हाच आपल्यापुरता फलत्याग समजा.

हेतू मात्र सोडू नका. अधिकारी होऊन काय करायचे आहे हा हेतू, आणि माझेच नाव यादीत हवे ही आसक्ती, यांच्यातला भेद स्वतःलाच तपासावा लागतो आणि तो दर वेळी स्वच्छ दिसतोच असे नाही. आणखी किती वेळा परीक्षा द्यायची, हा निर्णय गीतेवर टाकू नये. तो वय, पैसा आणि दुसरा मार्ग यांचा विचार करून घ्यायचा असतो. प्रयत्न थांबवणे म्हणजे हरणे, असे गीतेत कोठेही लिहिलेले नाही.

प्रश्न : मी सोमवार आणि संकष्टी करते. मुलीचे लग्न जमावे म्हणून देवीला नवसही बोलले आहे. आपले टिपण वाचून आपण काही चुकीचे करतो आहोत की काय असे वाटू लागले. (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : मुळीच चुकीचे करीत नाही. सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत : संकटात सापडलेला, जाणू इच्छिणारा, काही मागणारा आणि ज्ञानी. त्यांत ज्ञानी सर्वांत प्रिय असल्याचे भगवंत सांगतात. पण लगेच पुढच्या श्लोकात ‘उदाराः सर्व एवैते’, हे सगळेच थोर आहेत, असे म्हणायला ते विसरत नाहीत. मागायला आलेल्या माणसाला दारातून परत लावण्याची पद्धत या परंपरेत नाही. तुकोबांनी नवसाची थट्टा केली आहे, ‘नवसें कन्यापुत्र होती । तरी कां करणें लागे पती’, हे खरे. पण तो टोला नवसाचा बाजार मांडणाऱ्यांना आहे, मुलीच्या काळजीने रात्र काढणाऱ्या आईला नाही. फक्त नवस बोलून झाल्यावर तो देवीकडे राहू द्यावा. रोज तिला आठवण करून देण्यात आपलाच जीव टांगणीला लागतो.

उपवासाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तेथे गीतेचा एक फार बारीक श्लोक लागू पडतो. दुसऱ्या अध्यायातल्या ५९व्या श्लोकात म्हटले आहे की, आहार सोडणाऱ्याचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. ती गोडी जाते ती परतत्त्वाच्या दर्शनानेच. एकादशीच्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात डोकावले तर हे भाष्याशिवाय समजते. साबुदाण्याची खिचडी मोकळी झाली पाहिजे, तिच्यात दाण्याचे कूट सढळ हवे, वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी हवी, बटाट्याचा कीस कुरकुरीत हवा आणि संध्याकाळी राजगिऱ्याची वडी. भात-पोळी सुटली, गोडी जशीच्या तशी राहिली. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या लोकांनी स्वतःवरच रचली आहे, यात मला मराठी माणसाचा मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

म्हणून उपवास सोडा असे नाही. त्या दिवशी जिभेने काय मागितले आणि आपण किती चिडलो, एवढे पाहिले तरी उपवास कामी आला. तिसऱ्या अध्यायात हातपाय आवरून मनात विषय घोळवीत बसणाऱ्याला ‘मिथ्याचार’ म्हटले आहे. तो शब्द कठोर आहे, पण तो दुसऱ्याच्या उपवासाला लावण्यासाठी नाही.

प्रश्न : मी शिक्षक आहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करतो. इच्छा सोडा, आहे त्यात समाधान माना, हे तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांनी उपाशी माणसाला गप्प बसवण्यासाठी वापरले आहे असे मला वाटते. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हे मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे का? (एक वाचक, बीड)

उत्तर : तसे वापरले गेले आहे, हे मान्य करूनच उत्तर द्यायला हवे. समाधानाचा उपदेश ज्या दिशेने वाहिला ती दिशा पुष्कळदा उताराचीच होती : वाड्यातून झोपडीकडे, सासूकडून सुनेकडे, मालकाकडून मजुराकडे. परंतु मूळ वचने कोणी कोणाला उद्देशून म्हटली आहेत, हे पाहिले तर चित्र बदलते.

ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात ‘मा गृधः कस्यस्विद्धनम्’ अशी आज्ञा आहे; कोणाच्याही धनाची हाव धरू नकोस. ही आज्ञा ज्याचे हात दुसऱ्याच्या धनापर्यंत पोहोचतात त्याला आहे. आणि ‘असंतोषः श्रियो मूलम्’, असंतोष हे वैभवाचे मूळ आहे, हे वाक्य महाभारतात कोणाच्या तोंडी आहे? सभापर्वात दुर्योधनाच्या. राजसूय यज्ञातले पांडवांचे ऐश्वर्य पाहून आल्यावर तो ते धृतराष्ट्राला ऐकवतो आणि त्यानंतर द्यूत होते. ज्याच्याजवळ हस्तिनापूरचे सगळे आहे, त्याचा हा असंतोष आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हेच वचन घेऊन, सगळाच असंतोष वाईट नव्हे, हे मांडले आहे, आणि ते मलाही मान्य आहे. मात्र भुकेल्याचा असंतोष आणि दुर्योधनाचा असंतोष एका तराजूत घालता येत नाहीत. उपाशी माणसाला भाकरी हवी असणे याला कोणत्याही शास्त्राने तृष्णा म्हटलेले नाही.

आता तुकोबा. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान’ हे लिहिणाऱ्याने दुष्काळ पुस्तकात पाहिलेला नव्हता. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बसला, पहिली बायको अन्न अन्न करीत मेली, आणि हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. त्यांचे घराणे देहूचे महाजन. दुकान होते, सावकारी होती, लोकांकडून येणे होते. परंपरा सांगते की, त्यांनी कर्जाच्या कागदांची वाटणी केली, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. त्याग येथे कोणी केला? ऋणकोने नाही, सावकाराने. दुष्काळात कुळांना ‘समाधान माना’ असे सांगून वसुलीला निघालेला तुकाराम आपल्याला माहीत नाही. तुकोबांनीच ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें’ असेही सांगितले आहे, म्हणजे धन मिळवण्याला त्यांची हरकत नाही; ते कसे मिळवले आणि कसे वेचले, याकडे त्यांचे लक्ष आहे.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना हा अभंग त्यांच्या परिस्थितीचे उत्तर म्हणून शिकवू नका. तुकोबांच्या चरित्रासह शिकवा. आणि निःस्पृहतेवर व्याख्यान द्यायचेच असेल तर ते मुकादमांच्या आणि कारखान्याच्या संचालकांच्या बैठकीत द्यावे. तेथे श्रोते अधिक योग्य मिळतील.

प्रश्न : मी रांगोळ्यांची चित्रे आणि चित्रफिती मोबाईलवर टाकते. त्या किती जणांनी पाहिल्या, कोणी काय लिहिले, हे पाहण्यात रात्रीचे बारा-एक वाजतात. लोकांना आवडले नाही तर झोप लागत नाही. ही गोष्ट इतकी क्षुल्लक आहे की कोणाला सांगायची लाज वाटते. (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : लाज वाटण्याचे कारण नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत विदेहनगरीतल्या पिंगला नावाच्या गणिकेला त्याने गुरुस्थान दिले आहे, आणि तिची गोष्ट आपल्या पत्राशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते. सायंकाळी ती नटूनथटून दारात उभी राहते. रस्त्याने जाणारा प्रत्येक पुरुष तिला धनवान गिऱ्हाईक वाटतो. तो निघून जातो. मग वाटते, पुढचा येईल, तो अधिक देईल. ती आत जाते, पुन्हा बाहेर येते, दाराला टेकून उभी राहते, पुन्हा आत जाते. झोप उडालेली आहे. असे करता करता मध्यरात्र होते. तिचा चेहरा सुकतो, मन खचते, आणि त्या खचण्यातूनच तिला वैराग्य येते. आपण मोबाईल उशाशी ठेवता, दिवा मालवता आणि पुन्हा उचलता, तेव्हा पिंगलेचेच आत-बाहेर चाललेले असते. फक्त दार हातात मावेल एवढे झाले आहे.

पिंगलेला जे सुचते ते महत्त्वाचे आहे. प्रेम आणि धन दोन्ही देणारा नित्याचा सखा, परमेश्वर, इतक्या जवळ असताना मी क्षुद्र माणसांची वाट पाहत बसले, असे ती म्हणते, आणि आता मी स्वतःलाच मोल म्हणून देऊन त्याला विकत घेईन, असे ठरवते. तिची भाषा बाजाराचीच राहिली. गिऱ्हाईक मात्र बदलले. संत एकनाथांनी अकराव्या स्कंधावरची आपली विवरणात्मक टीका पैठणला सुरू करून शके १४९५, म्हणजे १५७३ साली काशीत पूर्ण केली. आपल्या घरी नाथांचे भागवत असेल तर त्यातला आठवा अध्याय सावकाश वाचावा. एका गणिकेच्या मनाशी इतक्या आदराने बोलणारे लेखन फार थोडे आहे.

पिंगलेला एका रात्रीत साधले तसे आपल्याला साधेल असे मी सांगणार नाही. योगसूत्रांनी आणि गीतेच्या सहाव्या अध्यायानेही अभ्यास आणि वैराग्य यांची जोडी सांगितली आहे, आणि अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. सकाळी दारात रांगोळी काढत होता तेव्हा ती संध्याकाळपर्यंत पायांखाली पुसली जायची आणि दुसऱ्या दिवशी आपण नवी काढायचा. काही दिवस तशाच काढून पाहा, चित्र न घेता. जड गेले तर ते कितपत जड गेले, तेवढे पाहा.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. मुले मार्गी लागली. आता संसाराची इच्छा उरलेली नाही. ऋषिकेशला एखाद्या आश्रमात कायमचे जाऊन राहावे असे वाटते. शांतीसाठी हा मार्ग योग्य आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अठराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाने संन्यास आणि त्याग यांतला भेद विचारला आहे. काम्य कर्मे टाकणे हा संन्यास आणि सर्व कर्मांचे फळ टाकणे हा त्याग, असे जाणते लोक मानतात, एवढे सांगून भगवंत पुढे नियत कर्म टाकणे योग्य नाही असे स्पष्ट बजावतात. समर्थ स्वतः संसारात पडले नाहीत, तरी दासबोधात ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ असेच लिहून गेले. स्थळ बदलल्याने शांती मिळत असती तर ऋषिकेशमधले सगळे रहिवासी स्थितप्रज्ञ असते.

जाऊच नये असेही नाही. वानप्रस्थाची कल्पना आपलीच आहे. पण आळंदीच्या विठ्ठलपंतांची हकीकत एकदा आठवावी. त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेला निघाले असता आळंदीस उतरले. नमस्काराला आलेल्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग, हिचाच नवरा आपण संन्यासी केला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी काशीला परतून शिष्याला घरी धाडले. त्यापायी त्या कुटुंबाने काय भोगले आणि त्याच घरात ज्ञानदेव कसे जन्मले, हे सर्वांना माहीत आहे. आपले पत्र चार पानांचे आहे. त्यात निवृत्तिवेतनाची सोय, आश्रमाचे नियम आणि तेथल्या हवामानाची माहिती आहे, मात्र आपल्या पत्नीचे यावर काय म्हणणे आहे याचा उल्लेख नाही. ते आधी त्यांना विचारावे आणि मग पुन्हा लिहावे.